ऐकू न आलेलं गिटार

१२ जानेवारी, सोम.

आईनं पत्र लिहायला शिकवलं तेव्हा बजावलं होतं, आधी सगळ्यांची खुशाली, मग आपलं रडगाणं. रोजनिशीतही तीच खोड. तर: हिचा गुडघा थंडीनं धरलाय, एरंडाचं पान बांधून बसलीय, तोंड मात्र ठणठणीत. दीपाचा (सूनबाई) घसा बसलाय, चिकोडीच्या शाळेत पोरांवर ओरडून. चिरंजीव बेळगावात, फोनवर दोनदा शिंकले. माझी बी.पी.ची गोळी चालू. लॅपटॉप तापतो, म्हणून त्याच्याखाली पाटा ठेवलाय. दगड थंड असतो. त्यामुळं घरात चटणी बंद आणि हिची कुरकुर चालू. गिटार बरं आहे.

राहिला भरमगोंडा. त्याची खुशाली मी छत्तीस वर्षं विचारली नव्हती. आज तो स्वतःच सांगायला दारात आला.

(पुढं नुसतं भ. लिहीन. अख्ख्या नावाला शाई कशाला घालवा.)

"शिरपा, आत येऊ काय?"

आवाज ओळखू आला न्हाई. एके काळी ह्या गळ्यासाठी लोक चिकोडीहून सायकली मारत यायचे. आता चाळणीतून रवा पडावा तसा पडतो. घशाचं ऑपरेशन झालंय म्हणे. नातीचं, प्राचीचं, ८ फेब्रुवारीला लग्न, चिकोडीत हॉलमध्ये. तिला लहानपणी 'कडी लावली न्हाई' हे गाणं म्हणून झोपवायचा. लग्नात गाईन असा शब्द देऊन बसलाय आणि आता उभ्यानं एक कडवं होत न्हाई.

"तुझ्याकडं रेकॉर्डिंगचं सगळं हाय म्हणं घरात. थोडं थोडं करून घेऊ. आणि चाल तुझीच की."

चाल तुझीच की! छत्तीस वर्षांनी आठवलं.

मी 'न्हाई' म्हणणार तेवढ्यात ही आतून, "या की अण्णा, बसा. चहा टाकते." हिला काही धरबंध न्हाई.

शुक्रवारी ये म्हणालो. का म्हणालो, ते फक्त ह्या वहीला सांगतो. लग्न, हॉल, हॉलातले कर्णे, सगळा गोतावळा. आणि बटणं माझ्या हातात.

१३ जाने., मंगळ.

झोप बरी झाली. राग असला की मला झोप चांगली लागते.

लिहून ठेवतो, म्हणजे हात ढिला पडायचा न्हाई.

गाणं माझं. शब्द माझे, चाल माझी. 'दार नुसतं लोटलंय गं, कडी लावली न्हाई'. लग्न ठरल्यावर हिच्यासाठी केलेलं. भ. गायला, मी गिटार धरलं. कॅसेट भरली ती भ.च्या वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, बाहेरचा आवाज आत येत न्हाई आणि आतला घुमत न्हाई. कोल्हापुरातून दोन माईकचा टेप मागून आणलेला. वायरी मी स्वतः जोडल्या, रेडिओ रिपेरीचं दुकान माझंच. भ. डावीकडच्या माईकाला तोंड लावून उभा. मी दोन्ही माईकांच्या बरोब्बर मध्ये, पोत्यावर. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत मी जे वाजवलं ते आयुष्यात परत कधी वाजलं न्हाई. बोटांनाच माहीत.

महिन्यानं कॅसेट आली. कव्हरवर भ.चा फोटो, पावडर लावलेला. खाली 'गीत-संगीत: पारंपरिक'. मी जिवंत असताना मला परंपरेत घातला! माझं नाव कुठंच न्हाई.

पण ते सुद्धा गिळलं असतं. पुढं माझं लग्न, नंदगडला, हिच्या माहेरी. मी मोठ्या तोऱ्यात सासऱ्यांना म्हणालो, लावा, गिटार माझं आहे. मांडवात कर्णा बांधलेला. कॅसेट लागली. भ. गायला. आणि गिटार न्हाई. न्हाई म्हणजे न्हाईच. लांब कुठंतरी डास गुणगुणावा तेवढं. मधल्या जागेत तर नुसती घूं... आणि त्या रिकाम्या जागेच्या शेवटी भ. म्हणतो, "व्वा!"

सासरे म्हणाले, "जावईबापू, हे वा कशाला म्हणतंय? वाजलं तर काईच न्हाई!"

सगळा मांडव हसला. हिच्या मावश्या तर पदर तोंडात घालून. आजतागायत नंदगडला गेलो की कुणीतरी विचारतंच, काय पाहुणं, न ऐकू येणारं गिटार आणलंय न्हवं?

भ.नं माझं गिटार काढून टाकलं आणि वर वा म्हणून मला चिडवलं. इथं निपाणीत मी हे ज्याला त्याला सांगितलं. ती कॅसेट असलेला टेप रिपेरीला घेतला न्हाई. मी स्वतः ती परत कधी ऐकली न्हाई.

आता त्याच्या घरचा मांडव.

१४ जाने., बुध. संक्रांत.

भ.च्या घरून तिळगूळ आला, डबा भरून. गोड बोला म्हणे. बोलेन की. शुक्रवारपर्यंत साखर पेरतो.

तिळगूळ चांगला होता. चार खाल्ले.

१६ जाने., शुक्र.

रेकॉर्डिंग झालं. हात दुखतायत, तरी लिहितो.

मागच्या खोलीत दोरीवर तीन वाकळा टांगल्या, तंबाखूच्या पोत्यांऐवजी. पंखा बंद. शेजारणीला सांगून ठेवलं, दुपारी मिक्सर लावू नका. ती म्हणाली, "मग चटणी?" मी म्हणालो, "पाट्यावर वाटा." ती म्हणाली, "पाटा तर तुमच्या कम्प्युटरखाली हाय, माझ्याकडं कुठला आलाय?" गल्लीला सगळं माहीत असतं.

रीत अशी की आधी गिटार भरायचं, मग गाणाऱ्याच्या कानात हेडफोन घालून गळा वेगळा भरायचा. दोन्ही सुटे राहतात, मग हवं ते वरखाली करता येतं. भ.नं हेडफोन घातला, दोन ओळी म्हटल्या आणि काढून ठेवला.

"मला तुझा पाय दिसाय पायजे रं."

माझ्या पायाच्या ठेक्यावरच त्याला गाता येतं. पूर्वीचीच सवय. मग बसलो समोरासमोर, त्याला एक माईक, गिटाराला एक, एकाच खोलीत. म्हणजे त्याच्या माईकात थोडं माझं गिटार आलं, माझ्या माईकात थोडा तो आला. ज्याचे व्हिडिओ बघून मी हे शिकतो तो दाढीवाला ओरडलाच असता.

एक कडवं, मग कोमट पाणी, मग दुसरं. दुसऱ्या कडव्याला सूर उतरला. तिसऱ्याला खोकला. 'कडी' म्हणताना आवाज फाटला. मी मनात एकेक नोंदवून ठेवलं. हे, हे, आणि हे ठेवायचं.

मधली जागा मी वाजवली. बोटं आखडली, पण वाजवली. जागा संपली तिथं तो पूर्वी वा म्हणायचा. आज तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. भ्याला असेल.

पाणी पिताना म्हणाला, "शिरपा, ते कव्हरचं..." आणि खोकला आला.

मी म्हणालो, "बोलू नको, घसा जप." गोडच बोललो. डबा खाल्लाय त्याचा.

पाचला उठला. जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत, त्याला घरी पोचायचं होतं. जाताना पिशवीतून जुनी कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "पहिली भरलेली. कॉपी न्हवं, मूळ. तुझ्याकडं ठेव."

खणात टाकली. वर सेलोटेप ठेवला.

१७ जाने., शनि.

कामाला बसलो. लॅपटॉपवर दोन माईकांचे दोन पट्टे समोर, भ. आणि गि. (गिटार). आवाजाचे डोंगर दिसतात. त्याचे काटेरी झुडपासारखे, माझे टेकाडांसारखे.

दाढीवाल्याच्या व्हिडिओंवरून जे शिकलो ते इतकंच. आधी घाण काढायची: खालची घरघर चाळणीनं काढून टाकायची. मग कुठलाच आवाज एकदम अंगावर येऊ नये म्हणून दाब द्यायचा, पिठाच्या गोळ्यासारखा, अलगद. मग थोडा घुमारा, म्हणजे गाणारा रिकाम्या कपाटात उभा आहे असं वाटत न्हाई. शेवटी वरखाली.

भ.ला यातलं काहीएक द्यायचं न्हाई असं ठरवलं. ना चाळण, ना दाब, ना घुमारा. उघडा ठेवायचा, आंघोळीच्या दगडावर बसवल्यागत. श्वास ठेवायचे, खोकला ठेवायचा, फाटलेली 'कडी' ठेवायची. गिटार मात्र तुपात घोळवून वर.

चिरंजीव आलेत. ऐकून म्हणाले, "आप्पा, काका आजारी वाटतात यात."

मी म्हणालो, "आहेतच."

१९ जाने., सोम.

भ.चा नको तो खोकला कापून टाकला. हातानंच कापला, मी न्हाई. चाळीस वर्षं बिघडलेलं दुरुस्त करायची सवय, बिघडलेलं तसंच ठेवायचं म्हटलं की बोटं ऐकत न्हाईत. खरकटं भांडं बघून हिचे हात कसे पुढं होतात तसं.

परत आणून चिकटवला. अर्ध्या तासानं परत कापला.

दुसऱ्या कडव्याला सूर उतरतो तिथं थोडा घुमारा घातला की झाकतो. घालून बघितला. नुसतं बघण्यापुरता.

दीपानं चहा आणला. हेडफोन एका कानाला लावून म्हणाली, "मामा, छान लागतंय. काकांचा आवाज म्हातारा झालाय, पण खोटा न्हाई वाटत."

घुमारा काढून टाकला.

२१ जाने., बुध.

भ.चा फोन. "झालं काय रं? प्राची विचारती."

"धीर धर. हे तंबाखू वाळवण्यासारखं आहे, घाई केली की बुरशी."

हसला. हसताना शिट्टी वाजते घशात.

फोन ठेवला आणि आजचा व्हिडिओ लावला. देवानं पाठवल्यासारखा. प्रत्येक आवाज हवेला आत-बाहेर ढकलतो. एकच आवाज डाव्या कानाला सुलटा दिला आणि उजव्याला उलटा, तर हेडफोनमध्ये दोन्ही ऐकू येतात, जरा पसरल्यासारखे, पण भरपूर. पण दोन्ही बाजू एकाच कर्ण्यात आल्या की एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि आवाज जागच्या जागी मरतो. जात्याच्या खुंट्याला दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या उलट ओढायला लागल्या तर जातं हलेल काय?

चिकोडीच्या हॉलातले सगळे कर्णे एकाच तारेवर. मी स्वतः बसवून दिलेत, दुकान चालू होतं तेव्हा.

म्हणजे भ. घरी हेडफोन घालून ऐकणार, खूश होणार, चांगलं झालं म्हणणार. आणि मांडवात त्याचा गळा गायब. नुसतं माझं गिटार. आणि पाहुणे विचारणार, अण्णा, गाताय कुठं?

आयतु, ठरलं तर मग, भरमण्णा. आता तुझी पाळी.

२२ जाने., गुरु.

'उलटी' नावाची फाईल केली. अर्धा दिवस लागला, आनंदात लागला. भ.चा पट्टा दोनदा ठेवला, एक डाव्या टोकाला, एक उजव्या, आणि उजव्यावर ते उलटं करायचं बटण. चांगला सूर, चांगला दाब, घुमारा सगळं दिलं. चोरी करायची तर घर झाडून करावी.

भ.ला फोन करून सांगितलं, फोनच्या भोंग्यावर ऐकू नको, कानात घालूनच ऐक, तरच गोडी कळेल. "व्हय व्हय," म्हणाला. "तू सांगशील तसं."

तू सांगशील तसं म्हणाला, म्हणून दोन मिनिटं बसलो. मग उठलो. नंदगडचा मांडव आठवला की पुरतं.

सेव्ह केली.

२३ जाने., शुक्र.

चाचणी घ्यायची म्हणून माळ्यावरचा एका भोंग्याचा जुना रेडिओ काढला, त्याला लॅपटॉपची वायर लावली. स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. 'उलटी' लावली.

जमलं. गळा गेला. गिटार खणखणीत, समोर. भ. पुरता मेला न्हाई, कारण माझ्या माईकात शिरलेला त्याचा आवाज तेवढा राहिला, खोल विहिरीतून कुणी हाक मारावी तसा. माझ्या माईकातून त्याला काढता येत न्हाई. पण चालेल. विहिरीतला चालेल.

ही भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"हे आपल्या लग्नातलं लागलंय काय हो?"

"कुठलं लग्नातलं? परवाचं आहे."

"न्हवं, अगदी तस्संच पोकळ. लांब कोण तरी असल्यागत. तवा तुमचं गेलतं, आता त्यास्नी घालवलंसा व्हय?"

मी म्हणालो, तू भाकरी बघ, करपंल.

भाकरी करपलीच.

खोलीत येऊन बसलो. परत ऐकलं. हिचा कान चुकत न्हाई. भ.ची ती विहिरीतली हाक आणि मांडवातलं माझं डासासारखं गिटार, एकाच जातीची. आवाज नुसता बारीक केला की तो लांब जातो, पण अंगानं तोच राहतो. हा मात्र पोकळ होतो, खालचं सगळं गेलेलं, नुसतं टरफल. आवाजाची पट्टी खाली ओढून असं होत न्हाई. असं होतं ते फक्त उलट्यानं.

मी दोन्ही माईकांच्या मधोमध बसलो होतो. दोन्हीत सारखा.

वायरी मी जोडलेल्या.

२४ जाने., शनि.

दुकानाची पेटी उघडली. बिस्किटांच्या डब्यात त्या दोन्ही वायरी. मी काही टाकत न्हाई. माईकाकडच्या टोकाला लाल दोरा गुंडाळलेला, आईच्या लुगड्याच्या काठाचा, माझी खूण.

मीटर लावला. पहिली वायर बरोबर. दुसरी: लाल तार जिथं काळी पाहिजे तिथं, काळी लालच्या जागी.

दुसरी मी दुकानात जोडली नव्हती. ऐन वेळी तुटली म्हणून वखारीतच बसून जोडली. आठवलं. तंबाखूचा खकाणा इतका की दोन्ही डोळ्यांतून पाणी. भ. बाजूला उभा, "सावकाश रं, डोळं पूस आधी." मी म्हणालो, मला शिकवतोस व्हय?

खणातनं मूळ कॅसेट काढली. सेलोटेप बाजूला केला. चांगला दोन भोंग्यांचा टेप पेटीत आहे, त्याला हेडफोन लावला.

गिटार आहे.

दोन्ही कानांत आहे. सगळं आहे. मधली जागा पूर्ण आहे, ती उतरती सुरावट, ते शेवटचं थांबणं, जे बोटांनाच माहीत होतं ते. आणि थांबल्यावर लगेच, तरणा, भरलेला, पोटातनं आलेला:

"व्वा!"

तो चिडवत नव्हता.



२५ जाने., रवि.

काही न्हाई. बी.पी. वाढलंय. हिनं मीठ कमी केलं. तिला अजून सांगितलं न्हाई.

२६ जाने., सोम.

दीपाच्या शाळेत झेंडावंदन, ती सकाळीच गेली. हिला खोलीत बोलावलं, पाटावर बसवलं, गुडघा धरून बसली. हेडफोन घातला. तिला तो मावत न्हाई, अंबाडा आडवा येतो.

पूर्ण ऐकलं. डोळे मिटून न्हाई, माझ्याकडं बघत.

"एवढं वाजवलतंसा व्हय?"

"मग?"

"आणि हे माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

हेडफोन काढला. अंबाडा नीट केला. मग वायरीचं सांगितलं. सगळं. मांडवात कर्णा एकच, म्हणून गिटार मेलं. आणि मारलं ते मीच.

मला वाटलं रडेल किंवा हसेल. ही म्हणाली, "आणि छत्तीस वरसं शिव्या कुणाला घातल्यासा?"

उठून गेली. दारातून परत: "त्यो अण्णा मार्केटात मला दिसला की मान खाली घालून जायचा. मला वाटायचं, चोर हाय म्हणून."

२८ जाने., बुध.

दोन दिवस माझ्यावरच चिडून घेतलं. त्यात गोडी न्हाई. स्वतःवरचा राग म्हणजे बिनमिठाची आमटी.

आज सकाळी कव्हर आठवलं. बरं वाटलं.

वायर माझी चूक, मान्य. पण 'पारंपरिक' ही वायरीची चूक न्हाई. ते कुणीतरी हातानं लिहून दिलंय. माझ्या शब्दांना, माझ्या चालीला, मी समोर बसलेला असताना. तिथं कुणाच्या डोळ्यात खकाणा गेलता?

माझी चूक एक, त्याची एक. माझी सापडली. त्याची अजून उभी आहे.

'उलटी' पुसायला गेलो होतो, हात थांबवला. राहू दे.

२९ जाने., गुरु.

सुलटी फाईल केली. सगळं नीट. खोकला कापला. दुसऱ्या कडव्याला घुमारा. फाटलेली 'कडी' मात्र ठेवली. दीपा म्हणते ठेवा. ती जागा मीही तीनदा मागं नेऊन ऐकली, आणि ते सुडासाठी न्हाई. दाब अगदी थोडा दिला. त्याचा श्वास ऐकू येऊ दिला, पण पुढच्या ओळीच्या दारात, घरात न्हाई. भ. आणि गि. दोघं मधोमध. एका भोंग्यावर लावून बघितलं, दोघंही आहेत. चारदा बघितलं. ही म्हणाली, "आता पोकळ न्हाई."

मधली जागा संपते तिथं एक भोक राहतं. मी थांबतो, आणि पुढं काही येत न्हाई. त्यानं तोंड मिटलं होतं ना. जुन्या कॅसेटमधला वा काढून तिथं लावून बघितला. तरणा भ. म्हाताऱ्या भ.च्या मध्ये उभा, कुणाचा तरी पाहुणा आल्यागत. काढला.

तिथं जागा रिकामी आहे. दीड सेकंद.

३० जाने., शुक्र.

फोनवर बोललो तर तो खोकेल आणि मी गोड बोलेन. म्हणून पत्र लिहिलं. दीपा शाळेला जाताना त्याच्या घरी देईल, पेन ड्राइव्हसकट. नक्कल इथं ठेवतो:

'भरमगोंडा यास,

घसा कसा आहे? वहिनींची साखर? प्राची लग्नाच्या गडबडीत जेवते का वेळेवर? तुझ्या थोरल्याचा हात मोडला होता, तो बसला का? आमच्याकडं गुडघा एक सोडला तर सगळं ठीक.

सोबत गाणं आहे. कानात घालून ऐक, मग फोनच्या भोंग्यावर ऐक, मग वखारीतल्या जुन्या रेडिओवर लाव. तिन्हीकडं तू सारखा आहेस. मीही आहे.

आता दुसरं. वखारीत दुसरी वायर मी उलटी जोडली होती. परवा मीटर लावून बघितलं. गिटार तू काढलं न्हाईस. छत्तीस वर्षं मी गावभर जे सांगितलं ते चूक. हे ज्याला ज्याला सांगितलं त्याला परत जाऊन सांगायचं म्हटलं तर निम्मे वर गेलेत. उरलेल्यांना सांगतो. नंदगडवाल्यांना ही सांगेल, तिनं आजच फोन हातात घेतलाय.

पण 'पारंपरिक' कुणी लिहिलं? तू लिहून दिलंस, का तुझ्या वडिलांनी, का छापणाऱ्यानं आपल्या मनानं? परवा तू सांगायला लागलास आणि मी तुला गप्प केलं. आता घशाचं कारण सांगू नको, हातानं लिही. जे असेल ते लिही. ते कळल्याशिवाय माझ्या लॅपटॉपवरची एक फाईल मी पुसणार न्हाई. तिचं नाव 'उलटी'. तू मला ओळखतोस. लग्नाला नऊ दिवस आहेत आणि पेन ड्राइव्ह बदलायला पाच मिनिटं लागतात. हॉलातले कर्णे कुणी बसवलेत तेही आठव.

आणखी एक. मधल्या जागेनंतर दीड सेकंद रिकामा ठेवलाय. वाकळा अजून काढल्या न्हाईत. तुला म्हणायचं असेल तर येऊन म्हण, न्हाईतर ती जागा तशीच जाईल. पण खरं वाटलं तरच. आधी कव्हरचं, मग ते.

दिवस मावळायच्या आत जेवण होईल असं ये. हिनं विचारलंय, कांदा-लसूण न घालता काय काय चालतं. पत्र मिळाल्याबरोबर उत्तर लिही, दीपा संध्याकाळी परत येते, तिच्याच हाती दे.

शिरपती.'

साडेसात वाजता दीपानं पाकीट पर्समध्ये घातलं. गाडी हुकायला आली होती, तरी उंबऱ्यात थांबली.

"मामा, उत्तर न्हाई दिलं तर?"

"तर बघू."

"काय बघू?"

मी म्हणालो, गाडी हुकंल. ती गेली. दार लोटून घेतलं. लॅपटॉप चालू आहे, पाट्यावर. फाईल तिथंच आहे.